मुंग्यांच्या रांगेवर स्प्रे मारणं बंद करा (मतं हवीत, विरोधी असली तरी चालतील)

भिंतीकडे_बघत
मथळा जरा चिडवणारा झालाय, पण दोन वर्षं हा उद्योग मी स्वतः केलाय, म्हणून हक्काने बोलतो. ओट्यामागच्या टाइलच्या फटीतून बारक्या पिवळसर मुंग्या यायच्या. स्प्रे मारला की मिनिटात रांग आडवी. फडकं फिरवायचं, विषय संपला. चौथ्या दिवशी रांग बाथरूममध्ये. तिथे मारलं तर पुढची स्विचबोर्डमधून! मला वाटायचं, औषधच भेसळीचं आहे.

औषध चांगलं होतं, मीच गाढव होतो. या दोनएक मिलिमीटरच्या पिवळ्या मुंग्यांना फॅरो मुंगी म्हणतात. यांच्या वसाहतीत राणी एक नसते, बऱ्याच असतात. स्प्रेचा त्रास झाला की वसाहत फुटते. काही कामकरी मुंग्या अंडी-अळ्या उचलतात आणि दुसऱ्या सांदीत संसार थाटतात. सोबत राणी नसली तरी अडत नाही, अळ्यांमधून नवी वाढवतात. म्हणजे दोन वर्षं मी मुंग्या मारत नव्हतो, त्यांच्या वाटण्या करून देत होतो.

आता आमिष वापरतो. 100 मिली कोमट पाणी, 10 ग्रॅम साखर, 1 ग्रॅम बोरिक ॲसिड. त्यात कापसाचा बोळा भिजवून झाकणाच्या डबीत, डबीला बारीक भोकं. मुंगी गोड पिते ते सगळं स्वतःसाठी नसतं. पोटातल्या वेगळ्या पिशवीत भरून नेते आणि घरी तोंडाला तोंड लावून इतरांना पाजते, असं करत ते राणीपर्यंत पोहोचतं. बोरिक जास्त घालण्याचा मोह टाळा. कडक झालं तर मुंगी वाटेतच मरते आणि घरचे वाचतात.

पहिल्या रात्री डबीभोवती इतकी गर्दी झाली की बायको म्हणाली, "पाळायला घेतल्यास का?" पाचव्या दिवशी रांग विरळ झाली, तीन आठवड्यांनी बंद.

दणकाच_बरा
तीन आठवडे?? रात्री बाळाच्या पाळण्यावर रांग चढली तर तिला साखरपाणी पाजत बसू का?

आणि सगळ्या मुंग्या तुमच्या त्या फॅरो नसतात. आमच्याकडे काळ्या होत्या, वारूळ बाहेर मातीत, आत यायला एकच भोक. भोकात औषध मारलं, वर सिमेंट थापलं. चार वर्षं झाली, एक दिसली नाही. तुमच्या एका भिंतीवरून सगळ्यांना मूर्ख ठरवू नका राव.

भिंतीकडे_बघत
एक वारूळ, तेही बाहेर, आणि वाट सापडलेली, तर तुमचा उपाय बरोबर. मथळा थोडा मागे घेतो. पण पाळण्याजवळ स्प्रे? तिथे साबणाच्या पाण्याचं फडकं मारा. मुंग्याही मरतात आणि त्यांनी आखलेली वासाची वाटही पुसली जाते. ती वाट राहिली तर मागून येणारी तिच्यावरूनच चालत येते.

मांजर_आणि_मी
माझा विरोध तुम्हा दोघांनाही. बोरिक ॲसिड पांढरं आणि बिनवासाचं, म्हणून लोकांना ते निरुपद्रवी वाटतं. रांगत्या मुलाने डबी उघडली तर? खडूच्या रेघाही तशाच. त्यात बहुतेक पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक असतं. त्या गटातलं परमेथ्रिन मांजरांना भयंकर बाधतं, कारण त्यांचं यकृत ते नीट पचवून बाहेर टाकू शकत नाही. मांजर रेघेवरून चालतं आणि मग पाय चाटत बसतं. बाकी तुम्हीच ठरवा.

मी काय केलं ते सांगते. डबे घट्ट लावले, ओटा कोरडा ठेवला, तरी रांग चालूच. एका रविवारी वैतागून तिच्या मागे मागे गेले. ओट्यावरून खिडकीची चौकट, चौकटीवरून ग्रिल, आणि ग्रिलला टेकलेली कुंडीतल्या झाडाची एक फांदी. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काहीतरी. भिंग घेऊन बघितलं तर पिठ्या ढेकूण, म्हणजे झाडाचा रस शोषणारी कीड! एक मुंगी मिश्यांनी ढेकणाच्या पाठीवर टकटक करत होती. थोड्या वेळाने त्याच्या मागून एक थेंब आला, तिने तो पिऊन टाकला. मी अर्धा तास तशीच उभी, दूध उतू गेलं.

फांदी छाटली, ढेकूण साबणाच्या पाण्याने धुऊन काढले. आठवड्यात रांग गेली, विषाचा एक थेंबही न वापरता. आधी मुंग्या येतात कुठून ते बघा, मग मारामारी करा.

भिंतीकडे_बघत
ताई, दुधाबद्दल सहानुभूती. पण तुमच्या मुंग्यांचा जीव कुंडीत अडकला होता, माझ्या भिंतीत राहतात. मी सहा फटी सिलिकॉनने बुजवल्या, त्यांनी सातवी काढली. डबी लहान मुलाच्या आणि मांजराच्या हाताला लागू नये, हे शंभर टक्के मान्य. माझी फ्रिजमागे चिकटवलेली आहे.

मांजर_आणि_मी
फ्रिजमागे मांजर जात नाही असं वाटणाऱ्याने मांजर पाळलेलं नसतं.

आजीचा_बटवा
एवढा खटाटोप कशाला? हळद, दालचिनी, लवंग, व्हिनेगर. रेघ ओढा, मुंगी थबकते की नाही बघा.

शंकेखोर
थबकते, आणि चार बोटं पुढे जाऊन वळसा घेते. उग्र वासाने मुंगी वाट बदलते, वसाहतीला काही होत नाही. खिडकीबाहेर वाट वळली तर तुमचं नशीब, कपाटात वळली तर काय कराल? आणि आमिष ठेवलंय तिथे हे सगळं अजिबात नको. एका हाताने जेवायला बोलवायचं आणि दुसऱ्याने दार लावायचं, असं होतं.

आजीचा_बटवा
आमच्याकडे चालतं. तुमच्या मुंग्या जास्त शिकलेल्या असतील.

राहू_द्या_त्यांना
मी एकटा पडणार हे माहीत आहे, तरी विचारतो: मारायच्याच कशाला? मेलेलं झुरळ त्याच उचलून नेतात, वाळवीच्या शत्रूही त्याच. काळ्या बागमुंगीची एक राणी माणसाच्या देखरेखीखाली जवळजवळ 29 वर्षं जगली होती. आपण घरं बदलत राहतो, त्या तिथेच असतात. डबे घट्ट लावा आणि चार मुंग्या सोसा.

दणकाच_बरा
29 वर्षं! हे ऐकून तर मी आजच दुसरी बाटली आणतो.

शंकेखोर
@राहू_द्या_त्यांना, बाहेरच्या काळ्या मुंग्यांबद्दल तुमचं पटतं. फॅरोबद्दल नाही. हीच मुंगी रुग्णालयांत जखमांच्या पट्ट्यांत आणि सलाइनच्या नळ्यांत शिरते, अंगावर रोगजंतू वागवते. घरात कुणी आजारी असेल तर "चार सोसा" म्हणणं मला जमणार नाही.

जाता जाता एक. घरात अचानक पंखवाल्या मुंग्या निघाल्या तर "मरणकाळी मुंगीला पंख फुटतात" म्हणत खूश होऊ नका. तो त्यांच्या लग्नाचा काळ असतो. आणि त्या मुंग्याच आहेत ना, तेही तपासा. मुंगीची कंबर बारीक, मिश्या कोपरासारख्या वाकलेल्या, पुढचे पंख मागच्यांपेक्षा लांब. कंबर नाही, मिश्या सरळ, चारही पंख सारखे, तर ती वाळवी. मग हा धागा सोडा आणि लाकडी चौकटी ठोकून बघा.

दणकाच_बरा
बरं, एक कबुली. परवा तुमचं ते साखरपाणी ठेवलं. ढुंकून बघत नाहीत. आता?

भिंतीकडे_बघत
तिथे आधी स्प्रे मारला होता?

दणकाच_बरा
...थोडासा.

भिंतीकडे_बघत
जागा साबणाने धुवा, डबी हातभर बाजूला सरकवा. तरी नाही आल्या तर गोड सोडून तेलकट द्या. वसाहतीत अळ्या जास्त असल्या की त्यांना प्रथिनं आणि चरबी हवी असते. पीनट बटरमध्ये चिमूटभर बोरिक, डबीत बंद करूनच. आणि बाळ झोपलं की मगच ठेवा, सकाळी उठायच्या आत उचला.

दणकाच_बरा
ठेवलं. एक आली, मिश्या लावून बघितल्या, काही न खाता परत गेली.

आता तिच्या मागे चार येतायत.