जुलैमध्ये मुलांसह बोत्स्वाना: मोरेमी, सावुटी आणि कुंपण नसलेले तळ

नमस्कार मंडळी,

शाळांच्या हिवाळी सुट्टीत (इथे जुलैत हिवाळा असतो) आम्ही चौघं (मुलं अकरा आणि सात वर्षांची) प्रिटोरियाहून गाडीने बोत्स्वानाला निघतोय. मार्टिन्स ड्रिफ्टला सीमा ओलांडून माऊन गाव, तिथून मोरेमी अभयारण्य, चोबे उद्यानातलं सावुटी आणि शेवटी कासाने गाव. गाडी फोर बाय फोर आहे, टपावर तंबू आहे. इथल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात बऱ्याचदा राहिलोय, पण तिथल्या कॅम्पांना कुंपण असतं. मोरेमीत ते नाही म्हणतात. गावाकडून आई रोज फोन करून विचारतेय की पोरांना कशाला नेताय. मुलांना घेऊन जाणं खरंच शहाणपणाचं आहे का? काकू, तुम्ही त्या बाजूला पुष्कळ फिरला आहात, म्हणून मुद्दाम तुम्हाला विचारतोय.

— — —

मुलांना जरूर न्या. फक्त अंधार पडल्यावर तळावर आई-बापाचा शब्द शेवटचा, हे घरातून निघण्याआधीच पक्कं करा.

रस्त्याचं थोडक्यात सांगते. सीमेपासून पालाप्ये, सेरोवे, ओरापा करत माऊन. डांबर चांगलं आहे, पण सूर्य मावळला की गाडी थांबवा. गाढवं आणि गुरं रस्त्यातच उभी असतात, आणि सिंहापेक्षा मला त्यांची जास्त धास्ती वाटते. माऊनला टाकी आणि कॅन दोन्ही भरून घ्या, पुढे कासानेपर्यंत इंधनाचा भरवसा धरू नका. वाळू लागली की टायरमधली हवा दीड बारच्या खाली आणा. हवा भरायचा पंप सोबत हवाच. मोरेमीच्या दक्षिण फाटकापासून थर्ड ब्रिजचा तळ पन्नासएक किलोमीटर आहे, पण दोन-अडीच तास धरून चाला. वाटेत सुकलेलं उंच गवत गाडीच्या पोटाखाली अडकून तापतं आणि पेट घेतं. दर थांब्याला वाकून बघा आणि हाताने काढून टाका.

जुलैत तिथे कडक कोरडा हंगाम, आणि नेमकं तेव्हाच ओकावांगो नदीला पाणी चढलेलं असतं. पाऊस पडतो अंगोलाच्या डोंगरांत, वर्षाच्या सुरुवातीला. ते पाणी सपाट मुलखातून इतकं सावकाश सरकतं की माऊनला पोचेपर्यंत जून-जुलै उजाडतो. समुद्र त्याला भेटतच नाही, सगळं कालाहारीच्या वाळूत आणि उन्हात संपतं. म्हणून एरवीचे कोरडे रस्ते त्या दिवसांत पाण्याखाली असू शकतात. फाटकावरच्या माणसाला रोज सकाळी विचारा. खोली बघायला स्वतः पाण्यात उतरू नका, मगरी आहेत.

आता मुख्य गोष्ट. थर्ड ब्रिजला तरस येणार, ख्वाईच्या तळावर येणार, सावुटीला तर येणारच. त्याला तुमच्यात रस नसतो, तुमच्या डब्यांत असतो. खाणं, कचरा, भांडी, साबण, बूट, सगळं गाडीच्या आत आणि काचा बंद. ख्वाईला आमच्या शेजारच्या तळावर तळलेल्या तेलाची कढई रात्रभर बाहेर राहिली होती. पहाटे ती झुडपात सापडली, कडेला दातांच्या खुणा. लोक हसले, फोटो काढले. मला हसू आलं नाही. ज्या तरसाला माणसांच्या तळावर खायला मिळतं ते हळूहळू भीड सोडतं. पुढच्या खेपेला तंबूपाशी येतं, मग एखाद्या लेकरापाशी, आणि शेवटी वनखात्याला त्या जनावराला गोळी घालावी लागते. थर्ड ब्रिजच्या बबून माकडांचं तेच. मुलांनी प्रेमाने दिलेली एक पोळीसुद्धा त्यांच्या जिवावर उठते. तुमच्या लेकाला हे असंच, स्पष्ट शब्दांत सांगा. सात वर्षांच्या मुलाला ते कळतं.

ही जमीन आयती राखली गेलेली नाही. शिकारीने प्राणी संपत चाललेले पाहून तिथल्या बातावाना लोकांनी १९६३ मध्ये आपल्या मालकीचा मुलूख राखीव केला. तेव्हा दिवंगत मोरेमी तिसरे यांच्या पत्नी एलिझाबेथ पुलाने मोरेमी राज्यकारभार सांभाळत होत्या. त्यांनी जे राखलं त्यात आपण पाहुणे आहोत. मुलांना हेही सांगा.

हत्ती सावुटीला भेटेल. तळावर कॅमलथॉर्नची (बाभळीच्या जातीची) झाडं आहेत आणि त्यांच्या शेंगा हत्तींच्या आवडीच्या. तिथलं न्हाणीघर हत्तींनी पाण्यासाठी फोडू नये म्हणून जाड भिंतींच्या आड बांधलंय, यावरून काय ते ओळखा. आम्ही चुलीशी बसलो असताना एक मोठा नर गाडीच्या पलीकडे येऊन उभा राहिला. पावलांचा आवाज म्हणाल तर अजिबात नाही. आधी ऐकू आली ती त्याच्या पोटातली गुरगुर. त्याने खोडाला कपाळ लावून झाड हलवलं, शेंगा सडासडा पडल्या, आणि तो सोंडेने एकेक वेचत बसला. आम्ही गप्प. कुणी पळालं नाही, बॅटरी डोळ्यांवर मारली नाही, उठून फोटोही काढला नाही. त्याच्या जाण्याच्या वाटेत आपण नसलो की तो आपल्याकडे बघतही नाही. मात्र गंडस्थळावरून ओघळ आणि मागच्या पायांवरून लघवीची सतत धार दिसली तर नर मदात आहे. मग सावकाश गाडीत बसायचं आणि तिथेच थांबायचं.

संत्री-मोसंबी नेऊ नका. हत्तीला वास लांबून येतो.

— — —

काकू, मनापासून आभार. आईला तुमची मेल वाचून दाखवली. दोन शंका राहिल्या. रात्री मुलांना लघवीला लागलं तर काय करायचं? आणि सीमेवर खाण्याचं सामान काढून घेतात का?

— — —

झाकणाची बादली तंबूतच ठेवा. रात्री शिडीवरून कुणीही उतरायचं नाही, तुम्हीसुद्धा नाही. झोपण्याआधी सगळ्यांनी एकत्र, बॅटरीचा झोत चारी बाजूंना फिरवून, गाडीच्या कडेलाच उरकून घ्या. झोतात डोळे चमकले तर आधी गाडीत, चौकशी नंतर. आणि संध्याकाळपासून मुलं हाताच्या अंतरावर.

सामानाचं असं, की रानरेड्यांकडून गुरांना लाळ-खुरकूत होते आणि बोत्स्वानाचं गोमांस युरोपात जातं. म्हणून देशभर कुंपणं आणि तपासणी नाकी आहेत. उत्तरेकडून दक्षिणेला कच्चं मांस नेऊ देत नाहीत, आणि चपला-बूट औषधाच्या पाण्यात बुडवायला लावतात. तक्रार न करता बुडवा. दूध, मांस, ताजी भाजी यांचे नियम साथीप्रमाणे बदलतात, ते निघायच्या आठवड्यात बघा. भाजणी, पिठलं, मेतकूट, लसणीची चटणी यांवर आमचं निभतं, आणि भाजी माऊनला मिळते.

मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून वेळेत सुरू करा. पहाटे कडाक्याची थंडी असते, मुलांना लोकरी टोप्या आणि जाड पांघरुणं घ्या. तळांचं आरक्षण झालंय ना? मोरेमीत आयत्या वेळी जागा मिळत नाही. नसेल तर आजच करा.