'बेलआउट'ला मराठीत काय म्हणायचं? जामीन, तारण की थकहमी?

उपसंपादक, जळगाव
जिल्हा पुरवणीत 2008 च्या अमेरिकेतल्या आर्थिक पडझडीवर उजळणीचा लेख लावतोय. मूळ मजकूर इंग्रजी. 'बेलआउट', म्हणजे बुडत्या कंपनीला सरकारने पैसे देऊन वाचवणं, या एका शब्दापाशी दुपारपासून अडलोय. सहकाऱ्याने 'जामीन पॅकेज' लिहून दिलं, मी खोडलं. कोर्टाच्या बातम्या मीच बघतो, उद्या वाचक विचारतील की जामीन कोणाला मिळाला. 'आर्थिक मदत' पूरग्रस्तांना देतात. 'संजीवनी'चा मथळेवाल्यांनी चोथा केलाय.
संदर्भ असा: 15 सप्टेंबर 2008 ला लेहमन ब्रदर्स या बँकेचा दिवाळखोरीचा अर्ज, दुसऱ्याच दिवशी एआयजी या विमा कंपनीला 85 अब्ज डॉलर, आणि 3 ऑक्टोबरला बँका वाचवायच्या 700 अब्ज डॉलरच्या कायद्यावर सही. सुचवा, पान रात्री दहाला छपाईला सुटतं.

मास्तर, धुळे
'जामीन' खोडलंत ते बरं केलंत, पण खरं कारण कोर्ट नव्हे. हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला आणि त्याचा पहिला अर्थ माणूस असा आहे: दुसऱ्याच्या देण्याची हमी घेणारा. विकास सोसायटीत आजही 'जामीन कोण?' विचारतात तेव्हा नाव हवं असतं. आणि जामीन राहणारा आज खिशात हात घालत नाही. कर्जदार फिरकला नाही की मग त्याच्या दाराची कडी वाजते. अमेरिकेच्या सरकारने तर लगेच पैसे मोजले.
इंग्रजी शब्दात दोन चित्रं एकमेकांवर बसली आहेत. एक कैदी सोडवून आणण्याचं, दुसरं होडीत शिरलेलं पाणी भांड्याने उपसून टाकण्याचं. मला दुसरं आवडतं, कारण भोक कोणी पाडलं हा प्रश्न त्यात न विचारताच येतो. आपल्याकडे 'उपसा' आहे, पण तो विहिरीला आणि सिंचन योजनेला देऊन टाकलाय. बँकेला लावला तर लोक मोटार शोधतील.
जाता जाता: दिवाळं हा शब्द दिव्यावरून. देणी फिटेनाशी झाली की पेढीवाला भर दिवसा दुकानात दिवा लावून ठेवायचा, गावाला कळावं म्हणून, असं जुने लोक सांगत. लेहमनची माणसं पुठ्ठ्याची खोकी छातीशी धरून इमारतीबाहेर पडताना आपण टीव्हीवर पाहिली. दिवा नव्हता, एवढंच.

चोपडेकर
मास्तर, होडी तुम्ही काढलीत म्हणून लिहितो. शब्द आपल्या कर्जाच्या अर्जातच आहे: तारण.
तरणे म्हणजे पाण्यावर राहणे, पार होणे. तारणे म्हणजे दुसऱ्याला पार नेणे. तापीवर आजच्यासारखे पूल नव्हते तेव्हा आजोबा तरीने पलीकडच्या बाजाराला जात, ती तरही याच घरातली. 'देव तारी त्याला कोण मारी', तिथेही तोच धातू. आणि बँकेच्या टेबलासमोर बसलं की हाच शब्द तोंड फिरवून विचारतो, 'तारण काय देता?' सोनं द्या, तूर-हरभऱ्याची पोती गोदामात लावा, जमीन लिहून द्या. मी यावर पुष्कळ डोकं खाजवलंय. तारण दिल्याने जे तरतं ते कर्ज. कर्जदार तरतो असं कुठे लिहिलेलं नाही.
आता घरचं सांगतो. 2008 च्या फेब्रुवारीत केंद्राच्या अर्थसंकल्पात 60,000 कोटींची शेतकरी कर्जमाफी आली. दोन हेक्टरपर्यंत पूर्ण माफ. आमची जमीन सहा एकर, म्हणजे 2.4 हेक्टर. त्या वरच्या एका एकराने आम्ही 'इतर शेतकरी' झालो: आधी 75 टक्के भरा, मग 25 टक्के सुटतील. वडिलांनी ट्रंकेतून मोजणीचा नकाशा काढला. बांध, नाल्याकाठची पोटखराब पट्टी, बाभळीखालचा तुकडा, सगळं बोटाने झाकून पाहिलं. दोन हेक्टरवर काही येईना. नकाशा घडीवर फाटला, तो आईने भाताच्या शिताने चिकटवला.
मग गणपती उठले आणि दुसऱ्या दिवशी लेहमन. नवरात्रात ते 700 अब्ज. वडिलांना अब्जाचा अंदाज येईना, मी कोटीत करून सांगितलं तर म्हणाले राहू दे. मग थोड्या वेळाने अहिराणीत, कोणाला उद्देशून न बोलता: "तुम्हना बजार पडना तं सरकार धावनं. मनी केळी आडी पडनी तं पंचनामाले बी कोन्ही उनं नही."
दोन्हीकडे क्रियापद एकच आहे बघा, पडणे. माझं मत: 'तारण न घेता तारणे'. शब्द नाही, वाक्प्रचार झाला, पण अर्थ नेमका.

खतावणी
(सहकारी सूतगिरणीत तीस वर्षं हिशेब लिहिले, म्हणून बोलतो.) चोपडेकर भाऊ, वाक्य झकास, नोंद चुकीची. एआयजीकडून तारण घेतलं होतं. पैसे कर्जाऊ दिले, तिची मालमत्ता बांधून घेतली आणि जवळपास 80 टक्के मालकी सरकारकडे आली. 2012 च्या अखेरीस सरकारने आपला शेवटचा शेअर विकला तेव्हा दिल्यापेक्षा जास्त परत आलं होतं. 700 अब्जांतूनही बँकांना फुकट वाटले नाहीत, त्यांचे शेअर घेतले.
मग लोक एवढे का चिडले? जमाखर्चावर नव्हे, वागण्यावर. मार्च 2009 मध्ये त्याच एआयजीने साडेसोळा कोटी डॉलरचे बोनस वाटायला काढले. आणि मुळात 29 सप्टेंबर 2008 ला तिथल्या प्रतिनिधीगृहाने हा 700 अब्जांचा कायदा 228 विरुद्ध 205 मतांनी पाडला होता, मतदारांनी फोन करकरून खासदारांचे कान किटवले होते म्हणून. त्याच दिवशी तिथल्या शेअर बाजाराचा डाऊ निर्देशांक 777 अंकांनी आपटला आणि चार दिवसांत तोच कायदा पास. लोकांनी फोनवर काय शब्द वापरले असतील ते उपसंपादकांना छापता येणार नाहीत.
शब्दाचं म्हणाल तर आपल्या सहकारात त्याचा चुलतभाऊ आहे: थकहमी. कारखान्याने कर्ज घ्यायचं, थकलं तर सरकारने भरायचं. मास्तरांचा जामीन तो हाच, फक्त धोतराऐवजी शासन निर्णय नेसलेला. पण थकहमी बुडायच्या आधी देतात, बेलआउट बुडताना. म्हणून तोही बसत नाही.
आणखी एक. मदत एकच, पण नाव घेणाऱ्याप्रमाणे बदलतं. शेतकऱ्याला 'माफी', म्हणजे आधी गुन्हा कबूल. उद्योगाला 'पॅकेज'. बड्या थकबाकीदाराचं कर्ज वहीतून काढलं की 'निर्लेखन'. सरकारी बँकांना ऑक्टोबर 2017 मध्ये 2.11 लाख कोटी जाहीर झाले त्याला 'पुनर्भांडवलीकरण', हा शब्द एका दमात म्हणून दाखवा. माफी मात्र तीन वर्षांच्या पोरालाही म्हणता येते.

अमळनेर, जुनी पेठ
बेलआउटचं तुमचं चालू द्या, मला 'पडझड' आणि 'बुडीत' यांची सरमिसळ खटकते. लेखात ती करू नका. आमच्या गावात 1945 साली वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो. तिच्या शेअरचे कागद अजून घराघरांत आहेत. इथला म्हातारा 'भाव पडला' म्हणतो आणि चहात खारी बुडवतो. 'पैसे बुडाले' म्हणाला तर समजायचं, कुणाच्या तरी सांगण्यावरून दुसरंच काही घेतलं होतं. जानेवारी 2008 मध्ये 21,000 च्या वर गेलेला सेन्सेक्स ऑक्टोबरात 8,000 च्याही खाली जाऊन आला, तेव्हा पेठेत शब्द होता 'बसला'. बैल बसतो तसा. टीव्हीवाले 'कोसळला' म्हणत होते. कोसळते ती भिंत, ती पुन्हा उठत नाही.
'मंदी'चंही तेच. शेअरवाल्याची मंदी एका दुपारची असते, कापूसवाल्याची हंगामाची, अर्थशास्त्रवाल्याची वर्षाची. कोणती ते लिहा.

मास्तर, धुळे
'बैल बसतो तसा' हे वहीत उतरवून घेतलं. तेजीवाल्यांचा प्राणीही तोच, हे त्यांना सांगू नका.

सूनबाई, पाचोरा
मी नेहमी नुसती वाचते. आज एक शब्द विचारते: 'ठेव'.
सासऱ्यांची एका पतसंस्थेत ठेव होती, निवृत्तीच्या पैशांची. संस्था अडकली. पावती अजून आहे, दुधाच्या पिशवीत घालून देव्हाऱ्याच्या खणात. वर 'मुदत ठेव', खाली गोल शिक्का, शाई जांभळी. बँकेच्या पावतीवरही हाच शब्द. पण बँकेतल्या ठेवीला विमा असतो, आधी 1 लाखाचा, फेब्रुवारी 2020 पासून 5 लाखांचा. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाहीच. हे आम्हाला नंतर कळलं. शब्द सारखा असल्यावर माणसाने फरक ओळखायचा कशावरून?
सासरे शेअर बाजाराला कायम सट्टा म्हणत. 'मी सट्टा खेळलो नाही' हे त्यांचं पालुपद आहे, अजून. सरकारने तारायच्या लोकांची जी यादी असते तिच्यात त्यांच्यासारख्यांना काय म्हणतात, मास्तर?

मास्तर, धुळे
ताई, कायद्याच्या मराठीत ज्याचं येणं आहे तो 'धनको' आणि ज्याचं देणं आहे तो 'ऋणको'. तुमचे सासरे धनको.

उपसंपादक, जळगाव
पान सुटलं. आभार सगळ्यांचे, आणि जुनी पेठ, 'कोसळला' दोन ठिकाणी 'आपटला' केलाय; 'बसला' मुख्य उपसंपादकांनी घेतला नाही. बेलआउटचं असं केलं: पहिल्यांदा 'बेलआउट' तसाच, पुढे सगळीकडे क्रियापद. 'सरकारने बँका तारल्या', 'विमा कंपनी तारली, लेहमन बुडू दिली'. चोपडेकरांचा शब्द आहे, पण नाम न करता. नाम शोधत बसलो म्हणूनच दुपार गेली. इंग्रजीला तिथे नाम लागतं, आपलं काम क्रियापदावर भागतं. 'तारण न घेता' मात्र खतावणींनी अडवलं.

चोपडेकर
अडवू द्या. घरी तसंच म्हणतो.

सूनबाई, पाचोरा
मास्तर, सासऱ्यांना तुमचा शब्द मोठ्याने वाचून दाखवला. त्यांना ऐकू कमी येतं. म्हणाले, "धन नको? कोण म्हणालं नको?"