'राज्यघटना' म्हटलं की नेमकी कुणाची?

प्रश्न : अमेरिकेत प्रत्येक राज्याचं स्वतःचं कॉन्स्टिट्यूशन असतं, त्याला मराठीत काय म्हणायचं? मी मोंटानाच्या खटल्यावर लिहितेय, '१६ मुलामुलींनी राज्यघटनेच्या जोरावर सरकारविरुद्ध केस जिंकली' असं आईला वाचून दाखवलं तर तिने लगेच विचारलं, म्हणजे अमेरिकेच्या घटनेत पर्यावरणाचा हक्क आहे का गं? तर नाहीये. तो मोंटानाच्या १९७२ च्या घटनेत आहे, 'स्वच्छ आणि आरोग्यदायी पर्यावरण', आणि २०२३ ला कोर्टाने तोच धरून निकाल दिला. 'राज्याची राज्यघटना' कानाला कसंतरीच वाटतं.

प्रतिसाद : आईंची शंका बरोबरच आहे. राज्यघटनेतलं राज्य हे महाराष्ट्र-कर्नाटकवालं राज्य नव्हेच, ते राज्यशास्त्रातलं राज्य, म्हणजे अख्खी शासनव्यवस्था. आपल्याकडे घोळ होत नाही कारण आपल्या राज्यांना वेगळी घटना नाही (जम्मू-काश्मीरची होती, १९५७ पासून २०१९ पर्यंत). मी 'घटकराज्याची घटना' म्हणेन.

प्रतिसाद : एकवचनात ठीक आहे हो, पण अनेकवचन करून बघा, 'घटकराज्यांमधल्या घटना' वाचलं की अपघात, दंगली असलंच काहीतरी डोळ्यासमोर येतं. त्यापेक्षा 'राज्यांची संविधानं' बरं. आणि एकाच राज्याबद्दल असेल तर सरळ नाव लावा. आपल्या साताऱ्याकडच्या औंध संस्थानात १९३९ ला पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्याने घटना आणली, तिला 'औंधची घटना' म्हटलं की कुणाला काही विचारावं लागत नाही, तशी 'मॅसॅच्युसेट्सची घटना'. ही १७८० ची, देशाच्या घटनेहून जुनी आणि अजून चालू आहे! तिच्यात सगळी माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत असं वाक्य आहे, आणि १७८३ ला क्वॉक वॉकर या गुलामीत ठेवलेल्या माणसाच्या खटल्यात तिथल्या सरन्यायाधीशांनी त्याच वाक्यावर बोट ठेवून सांगितलं की गुलामगिरी याच्याशी जुळत नाही. देशाच्या घटनेत हक्कांची सनद आली ती १७९१ ला.

प्रश्नकर्ती : अजून एक. देशाच्या घटनेतल्या हक्कांना तिकडे 'फ्लोअर' म्हणतात, राज्य त्याहून जास्त देऊ शकतं पण कमी नाही. 'किमान मर्यादा' लिहू का?

प्रतिसाद : मर्यादा नको, मर्यादा म्हटलं की इथवरच, पुढे नाही असं वाटतं, अर्थ पार उलटा होतो. 'जोतं' लिहा ना. जोतं देशाच्या घटनेचं, वर मजले राज्याने चढवायचे, जोत्याच्या खाली जायचं नाही. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातले न्यायमूर्ती ब्रेनन यांनी १९७७ ला लेख लिहून राज्यांच्या कोर्टांना हेच सांगितलं होतं की आपापल्या घटना उघडून बघा. आणि कुठली घटना हे स्पष्ट लिहिणं तिकडे नुसतं भाषेचं काम नाही बरं का, १९८३ च्या मिशिगन वि. लाँग खटल्यापासून असं आहे की राज्याच्या कोर्टाने 'हा निकाल आमच्या राज्याच्या घटनेवर स्वतंत्रपणे उभा आहे' असं निकालातच स्वच्छ लिहिलं तर देशाचं सुप्रीम कोर्ट त्यात हात घालत नाही, मोघम लिहिलं तर तो निकाल वर जाऊन फिरू शकतो.

प्रश्नकर्ती : जोतं घेतेच. वाक्य आता असं केलंय, 'मोंटानाच्या स्वतःच्या घटनेत लिहिलेल्या हक्काच्या जोरावर'. आईने या वेळी अमेरिकेचं नाव काढलं नाही, मोंटाना कुठे येतं ते विचारलं.