तीन शाळांत रजेच्या जागी शिकवते: हा पगार की व्यवसाय?

गणिताच्या बाई, रामबाग, इंदूर

नमस्कार. मी आठवी ते दहावीला गणित शिकवते. चौदा वर्षं एका शाळेत कायम होते. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा नोकरी सोडली. त्या गेल्यावर पुन्हा शाळेत जायचं ठरवलं, पण पंचेचाळिशीत कायम जागा कुठून मिळणार? आता कुणी बाळंतपणाच्या रजेवर गेलं, कुणाचं ऑपरेशन निघालं, की मला फोन येतो, "ताई, उद्यापासून येता का?" मी जाते. मला हे काम मनापासून आवडतं. अर्ध्यावर सुटलेला वर्ग हातात घ्यायचा आणि परीक्षेपर्यंत सुखरूप पोचवायचा, यात मला समाधान आहे.

पण कराचं कोडं काही सुटत नाही. २०२४-२५ चा हिशेब असा:

पहिल्या शाळेत जुलै ते डिसेंबर, महिना २२,००० प्रमाणे १,३२,०००. दुसरीकडे तासाला २५० रुपये, वर्षाचे ६८,०००. तिसरीकडे परीक्षेच्या दिवसांत २४,५००. शिवाय घरी दहावीची चार मुलं येतात, त्यांचे ९६,०००. आणि एफडीचं व्याज १८,६००.

पहिल्या दोन्ही शाळांनी दहा टक्के टीडीएस कापला. पहिल्या शाळेचं एका महिन्याचं व्हाउचर आत्ता समोर आहे. पिवळा कागद, खाली एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प, त्यावर माझी आडवी सही. वर लिहिलंय मानधन २२,०००, वजा टीडीएस २,२००, वजा वृत्तीकर (प्रोफेशनल टॅक्स) १२५, देय १९,६७५. हजेरीपटावर मात्र रोज सही करत होते, सकाळी साडेसातला, बाकीच्या शिक्षिकांच्या खालोखाल.

गेल्या वर्षी ओळखीच्या एकाने माझं आयटीआर-१ हे विवरणपत्र भरलं, सगळं पगारात दाखवून. नंतर १३९(९) ची नोटीस आली, विवरणपत्र सदोष आहे, पंधरा दिवसांत दुरुस्त करा. त्या रात्री मला झोप लागली नाही. आयुष्यात कुणाचा पैसा बुडवला नाही आणि सरकारकडून असं पत्र! मुलाने धावपळ करून दुसरा फॉर्म भरला, पण चुकलं काय ते आम्हा दोघांनाही कळलं नाही. यंदा मला समजून भरायचं आहे. मी नोकरदार की व्यावसायिक? शाळाशाळांत फिरायला स्कूटरचं पेट्रोल लागतं, ते धरता येतं का? आणि कापलेले पैसे परत मिळतात का?

जेल रोडचे काका

ताई, आधी जीव शांत करा. ती नोटीस म्हणजे आरोप नव्हे. चुकीचा फॉर्म भरला गेला, एवढंच.

तीस वर्षं करसल्लागाराच्या कचेरीत काढली आहेत, म्हणून सांगतो. कर कुठल्या कलमाखाली कापलाय ते पाहा. पगारावर कापतात ते कलम १९२ आणि मिळतो तो दाखला म्हणजे फॉर्म १६. तुमचा दहा टक्क्यांनी कापलाय म्हणजे १९४जे, व्यावसायिक फी, त्याचा फॉर्म १६ए. खात्याच्या यंत्रणेला १९४जे दिसलं आणि तुम्ही फक्त पगाराचा आयटीआर-१ भरला, तर दोन्ही जुळत नाही. नोटीस त्यातून आली.

यंदा आयटीआर-३ भरा, व्यवसायाच्या उत्पन्नाचा फॉर्म. बरेच जण ४४एडीए सुचवतील, अर्धी रक्कम उत्पन्न दाखवायची आणि मोकळं व्हायचं. मी ते करणार नाही. ते कलम ठरावीक व्यवसायांना आहे: वकील, डॉक्टर, इंजिनियर, आर्किटेक्ट, हिशेबनीस, तांत्रिक सल्लागार, अंतर्गत सजावटकार आणि अधिसूचित केलेले काही. त्या यादीत शिक्षक नाही. त्यापेक्षा खरी जमा, खरा खर्च लिहा. एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जायचं पेट्रोल, संदर्भपुस्तकं, मार्कर, फोनच्या बिलातला कामाचा भाग, सगळं धरा. घरखर्चाच्या वहीत मिसळू नका, वेगळी वही करा. पगारदाराला नव्या करपद्धतीत मिळणारी ७५,००० ची प्रमाणित वजावट मात्र यात मिळत नाही. ती मागू नका.

आता पैशांचं. खर्च न वजा करतादेखील तुमचं एकूण ३,३९,१०० होतं. २०२४-२५ साठी नव्या पद्धतीत सात लाखांपर्यंत ८७ए ची सूट आहे, म्हणजे कर शून्य. कापलेले वीस हजार पूर्ण परत यायला हवेत. मुदत यंदा, २०२५ साली, १५ सप्टेंबरपर्यंत वाढवली आहे, पण शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

आणि तिसऱ्या शाळेचे २४,५०० दाखवायचे बरं का. एका वर्षात ३०,००० च्या आत असल्यामुळे त्यांनी कापलं नाही. कापलं नाही म्हणून ते उत्पन्न नाही, असं होत नाही.

विज्ञानाचे सर, सुदामा नगर

काका, फॉर्मचं तुमचं बरोबर असेल, पण मला ते १२५ रुपये खटकले.

आपल्या मध्य प्रदेशात वर्षाला सव्वादोन ते तीन लाख पगार असेल तर वृत्तीकर १,५०० आहे, म्हणजे महिन्याला १२५. तो मालक आपल्या नोकराच्या पगारातून कापतो. म्हणजे वृत्तीकरासाठी ताई शाळेच्या नोकर, आणि टीडीएससाठी बाहेरच्या व्यावसायिक! एकाच कागदावर, एकाखाली एक. वेळ शाळा ठरवते, मुख्याध्यापक काम सांगतात, हजेरीपटावर सही होते. कागदावर मानधन लिहिलं म्हणून ती नोकरी नाही असं कसं म्हणायचं?

मी हे भोगलंय. सहा वर्षं एका शाळेत पूर्ण वेळ शिकवलं, दर जूनला नवा करार, दर महिन्याला १९४जे. सोडताना ग्रॅच्युइटी मागितली तर उत्तर आलं, तुम्ही तर सल्लागार होता. ग्रॅच्युइटी कायद्यात २००९ साली दुरुस्ती झाली आणि ३ एप्रिल १९९७ पासून शिक्षकांना त्यात घेतलं. खासगी शाळांनी ते आव्हान दिलं, सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली दुरुस्ती कायम ठेवली. मी कामगार कार्यालयात अर्ज केलाय, तारखा चालू आहेत. हजेरीपटाच्या पानांचे फोटो मी वेळीच काढले नाहीत, त्याची आज फार हळहळ वाटते. ताई, तुम्ही काढत जा.

जेल रोडचे काका

सर, मुद्दा मान्य. ते १२५ माझ्या नजरेतून सुटले होते. पण विवरणपत्रात ताईंनी एकट्याने पगार लिहिला तर पुन्हा तेच होईल, कारण शाळेने सरकारला १९४जे कळवलंय. बदलायचं तर शाळेने आपलं टीडीएस विवरणपत्र दुरुस्त करायला हवं. सहा महिन्यांच्या जागेसाठी, कर शून्य असताना, मी ताईंना त्या वाटेला लावणार नाही. तुमच्यासारखी सहा वर्षं असती तर जरूर भांडा म्हटलं असतं.

क्लासवाली, लोकमान्य नगर

ट्यूशनचे ९६,००० काकांनी सांगितलं तसं त्याच आयटीआर-३ मध्ये येतील. माझ्या मैत्रिणीला कुणीतरी जीएसटीची भीती घातली होती, म्हणून सांगते. वर्षाची जमा वीस लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही. तुम्ही त्याच्या जवळपासही नाही.

गणिताच्या बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मुलाला बसवून २६एएस उघडलं, आपल्या नावावर जमा झालेला कर दिसतो तो तक्ता. पहिल्या शाळेचे १३,२०० दिसतात. दुसऱ्या शाळेचे ६,८०० नाहीतच! माझ्या मानधनातून कापलेले पैसे गेले कुठे?

जेल रोडचे काका

दोनच शक्यता. एकतर भरले नाहीत, नाहीतर तुमचा पॅन चुकला. फॉर्म १६ए मागा. शेवटच्या तिमाहीचाही १५ जूनपर्यंत द्यायला हवा होता. तुमच्याकडून कर कापला गेला असेल तर तोच कर खातं पुन्हा तुमच्याकडे मागू शकत नाही, कलम २०५ तेच सांगतं. पण परतावा हवा तर ती रक्कम २६एएस मध्ये दिसायला हवी. फोनवर बोलू नका, स्वतः जा, आणि पॅनकार्डाची प्रत सोबत न्या.

गणिताच्या बाई

आज जाऊन आले. लेखापाल भला माणूस आहे, त्याने लगेच संगणक उघडला. माझ्या पॅनमधल्या चौथ्या आकड्यात चूक होती, ३ च्या जागी ८. वर्षभर माझे पैसे दुसऱ्याच क्रमांकावर जात होते. दुरुस्ती भरतो म्हणाला, आठ-दहा दिवसांनी २६एएस पुन्हा बघायला सांगितलंय. ते दिसेपर्यंत मी फॉर्म पाठवणार नाही.

वही केली आहे. पेट्रोलच्या पावत्यांचे १४,२०० निघाले, पुस्तकं आणि मार्कर मिळून ३,१५०. सर, तुमची गोष्ट मनात घोळते आहे. सोमवारपासून छावणीतल्या एका शाळेत चार महिन्यांची जागा आहे. जायच्या आधीच मी मुख्याध्यापकांना दोन गोष्टी लेखी मागितल्या, नेमणुकीचं पत्र आणि कर कुठल्या कलमाखाली कापणार ते. विचारताना आवाज थोडा कापला माझा. ते म्हणाले, शनिवारी पत्र घेऊन जा.