मामा टीबीसाठी थुंकी तपासायला तयार नाहीत, कसं समजवावं?

मदत हवी आहे. माझे मामा इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला आहेत. दोन महिने झाले, खोकला थांबत नाही. संध्याकाळी कणकण, पँट दोरीने बांधावी लागते इतके वाळलेत. विचारलं की एकच उत्तर, "कापसाची धूळ आहे रे, तीस वर्षं खातोय." मेडिकलमधून आतापर्यंत सिरपच्या चार बाटल्या झाल्या.

खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला की थुंकी तपासावी, सरकारी दवाखान्यात तपासणी-औषधं फुकट, उपचार चालू असताना महिन्याला १००० रुपये पोषण आहारासाठी, सगळं सांगून झालं. पैशाचा प्रश्नच नाहीये. (खाडा पडेल ही भीती आहे, पण ती निम्मीच.) खरं कारण मामीने हळूच सांगितलं: ताईला स्थळं येताहेत, आणि आशाताई दारात आली की गल्लीभर होईल. खासगीत गेलं तरी २०१२ पासून टीबीची सरकारकडे नोंद करावीच लागते, हेही त्यांना कुणीतरी सांगितलंय.

घरात दोन वर्षांचा नातू आहे, त्यांच्याच कुशीत झोपतो.

कुणाच्या घरी असं झालंय का? सकाळच्या थुंकीची डबी मीच नेऊन दिली तर चालते का? आणि घरी न येता फोनवरच बोला, असं केंद्रात सांगितलं तर ऐकतात का?