ब्रोकेड ६५०५: फर्मवेअर चढवताना लाईन गेली, आता दोन पार्टिशनवर दोन व्हर्जन

हिंगणघाटकर

तालुक्याच्या दवाखान्यातली सॅन आहे, म्हणजे सर्व्हर आणि स्टोरेज जोडणारं फायबरचं वेगळं नेटवर्क. ब्रोकेड ६५०५ चे दोन स्विच, फॅब्रिक ए आणि फॅब्रिक बी, म्हणजे एकमेकांपासून वेगळी दोन जाळी. तीन सर्व्हर, एक स्टोरेज, त्यावर सीटी आणि एक्स-रेच्या इमेज.

काल रात्री ए वर फर्मवेअर, म्हणजे स्विचच्या आतलं सॉफ्टवेअर, ८.१.२ वरून ८.२.३ चढवून राहिलो होतो. फाइली उतरल्या, स्विच आपोआप रिबूट झाला, परत लॉगिनही झालं. त्यानंतर चार-पाच मिनिटांत लाईन गेली आणि जनरेटर चालू व्हायच्या आत यूपीएस बसला. लाईन आल्यावर स्विच उठला, पण फर्मवेअरशो ही कमांड वरच्या ओळीत ८.२.३ दाखवते आणि खालच्या ओळीत ८.१.२. शिवाय तीन नंबरच्या सर्व्हरवर स्टोरेजपर्यंतचे चारऐवजी दोनच पाथ आहेत.

फर्मवेअरडाउनलोड पुन्हा मारू, की फर्मवेअररिस्टोर करून जुन्यावर जाऊ? आणि बंदची परवानगी आजही आहे, तर रात्री फॅब्रिक बी उरकून घेऊ का?

फायबर_वर्धा

भाऊ, तिन्ही नको. स्विचची पॉवर बंद-चालू करायचा मोहही आवरा.

आत काय झालं ते आधी बघा. या स्विचमध्ये दोन पार्टिशन, म्हणजे फर्मवेअर ठेवायच्या दोन जागा, असतात. नवं फर्मवेअर आधी सेकंडरीवर उतरतं, मग अदलाबदल होऊन स्विच नव्यावर उठतो, आणि शेवटी कमिट सुरू होतं. म्हणजे नव्याची नक्कल दुसऱ्या पार्टिशनवर, जुन्याच्या अंगावर, लिहिली जाते. तुमची लाईन बहुतेक याच टप्प्यात गेली. त्यामुळे खाली ८.१.२ दिसत असलं तरी ते पार्टिशन अर्धं जुनं, अर्धं नवं असू शकतं. फर्मवेअररिस्टोर तुम्हाला नेमकं त्याच पार्टिशनवर नेऊन उभं करेल. रिस्टोरचा उपयोग कमिट सुरू व्हायच्या आधी, म्हणजे डाउनलोडच्या कमांडला डॅश एस, डॅश एन देऊन ऑटोकमिट बंद ठेवलं असेल तेव्हा.

अंदाजावर जाऊ नका, लॉग बघा. एररडम्प या लॉगच्या कमांडमध्ये एसयूएलबीनं सुरू होणारे मेसेज शोधा. १००१ म्हणजे डाउनलोड सुरू, १००३ म्हणजे कमिट सुरू, १००४ म्हणजे कमिट पूर्ण. १००३ आहे आणि १००४ नाही, तर निदान पक्कं.

वीज गेल्यानंतर स्विच उठला की बिघडलेलं पार्टिशन तो स्वतःच दुरुस्त करायला घेतो. म्हणून आधी फर्मवेअरडाउनलोडस्टेटस बघा. काम चालू दिसलं तर हात लावू नका. काहीच चालू नसेल तर आधी सपोर्टसेव्ह (तपासणीची माहिती) आणि कॉन्फिगअपलोड (सेटिंगची प्रत) काढून स्विचच्या बाहेर ठेवा, मग फर्मवेअरकमिट द्या. दहा मिनिटांपर्यंत लागू शकतात. कमिटनं ट्रॅफिक तुटत नाही, रिबूटही होत नाही. दोन्ही ओळींवर ८.२.३ आलं की स्विचपुरतं काम झालं.

कमिटच चुकलं तर एररडम्पमध्ये डिस्कच्या किंवा जागेच्या तक्रारी आहेत का बघा. प्रोग्राम कोसळल्यावर उरलेल्या जुन्या कोअर फाइलींनी जागा भरलेली असते. सपोर्टसेव्ह काढल्यावर सपोर्टसेव्ह डॅश कॅपिटल आर नं त्या साफ होतात. सिरीयल केबल जवळ असू द्या, ९६०० स्पीड, ८ बिट, पॅरिटी नाही, फ्लो कंट्रोल नाही. स्विच उठलाच नाही तर तो कुठं अडकला ते तिथंच दिसतं.

झोनिंगवाला

वरचं सगळं बरोबर. पण मला त्या दोन पाथची जास्त काळजी वाटते. एका सर्व्हरला चार पाथ म्हणजे प्रत्येक फॅब्रिकवरून दोन. दोनच उरलेत म्हणजे तीन नंबरचा सर्व्हर अख्खा बी वर लटकलाय. या अवस्थेत बी ला हात लावला आणि पुन्हा लाईन गेली, तर त्या सर्व्हरची डिस्कच नाहीशी होईल.

एक लक्षात घ्या. फर्मवेअरचा नेहमीचा रिबूट आणि कालचा रिबूट वेगळे. नेहमीच्या वेळी फक्त कंट्रोलचा भाग पुन्हा उठतो, पोर्टमधून डेटा वाहत राहतो. काल वीज गेली, म्हणजे सगळ्या लिंक तुटल्या आणि प्रत्येकाला नव्यानं लॉगिन व्हावं लागलं. तीन नंबर त्यातच अडकला असावा.

स्विचशोमध्ये त्याचं पोर्ट बघा. इनसिंक (सिग्नल जुळलाय, पण लॉगिन नाही) दिसत असेल तर पोर्टडिसेबल, पोर्टएनेबल करून बघा. नोलाइट (प्रकाशच येत नाही) असेल तर फर्मवेअरचा संबंध नाही, केबल, एसएफपी (पोर्टमधला प्रकाशाचा मॉड्यूल) किंवा सर्व्हरचं कार्ड बघा. सीएफजीॲक्टव्हशोनं झोनिंग, म्हणजे कोणाला कोण दिसेल याची यादी, जागेवर आहे याचीही खात्री करा.

हिंगणघाटकर

१००३ आहे, १००४ नाही. स्टेटसमध्ये काही चालू नव्हतं. बॅकअप काढून कमिट दिलं, आता दोन्हीकडे ८.२.३. तीन नंबरचं पोर्ट ५, नोलाइट दाखवते. एसएफपीशोमध्ये टीएक्स (जाणारी) पॉवर शेजारच्या पोर्टएवढीच आहे, आरएक्स (येणारी) जवळजवळ शून्य.

झोनिंगवाला

मग स्विचचा एसएफपी प्रकाश सोडतोय, समोरून येत नाही. काल अंधारात रॅकच्या मागं कोणी यूपीएसच्या वायरी हलवल्या का? सर्व्हरच्या कार्डामागचा फायबरचा एलसी कनेक्टर काढून पुन्हा दाबा. टक असा आवाज यायला हवा, आणि हलकं ओढल्यावर तो सुटायला नको. नुसता टेकलेला कनेक्टर बघून लावलेलाच वाटतो.

लावण्याआधी टोक एलसी क्लीनरनं पुसा. बनियन, रुमाल नको. तुमच्याकडे जिनिंगचा हंगाम चालू असेल तर रुईचा एक तंतूसुद्धा टोकावर पुरतो.

तरीही नोलाइट असेल तर केबल बदला. पोर्ट बदलून बघायचं झालं तर आधी झोन डब्ल्यूडब्ल्यूएनवर (कार्डाच्या ओळख क्रमांकावर) आहेत की पोर्ट नंबरवर ते पाहा. पोर्ट नंबरवर असतील तर नव्या पोर्टवर लिंक येईल, पण स्टोरेज दिसणार नाही.

हिंगणघाटकर

कनेक्टर अर्धा बाहेर होता. पुसून दाबला, पोर्ट ऑनलाइन, मल्टीपाथ डॅश एलएल चारही पाथ ॲक्टिव्ह दाखवते. दोघांचे मनापासून आभार. फॅब्रिक बी कधी करू?

फायबर_वर्धा

आज रात्री नको. आधी यूपीएसची बॅटरी लोड देऊन तपासा, बोर्डावरच्या टक्क्यांवर भरवसा ठेवू नका. लेड-ॲसिड बॅटरी २५ अंशांच्या हिशोबानं बनते, त्यावर दर १० अंशांना आयुष्य साधारण निम्मं होतं. आपल्या मे महिन्यात एसी बंद पडलेल्या खोलीत ती किती टिकणार ते तुम्हीच बघा. ६५०५ ला दुसरा पॉवर सप्लाय बसतो. नसेल तर मागवा आणि दोन्ही वेगवेगळ्या यूपीएसवर घ्या. पीएसशो, फॅनशो, टेम्पशो एकदा काढा, आणि हवा आत जाते त्या जाळीवर रुईचा पांढरा थर बसला असेल तर तो आधी ब्रशनं काढा.

फर्मवेअर लॅपटॉपवरून देऊ नका, लॅपटॉप झोपला की फाइल पाठवणं (एफटीपी) तुटतं. लिनक्स सर्व्हरवर अनझिप करून ठेवा आणि फोल्डरचा पत्ता देताना रिलीज डॉट पीलिस्ट ही फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तोच द्या. रिबूटच्या वेळी एसएसएच लॉगिन तुटेल, ते ठरलेलंच आहे. परत लॉगिन करून स्टेटसमध्ये कमिट पूर्ण झाल्याची ओळ येईपर्यंत खोलीतून हलू नका. आणि सुरू करण्याआधी जनरेटर हातानं चालू करून दवाखान्याचा लोड त्यावर घेऊन ठेवा.