मदत हवी आहे : आईच्या अचानक वाढणाऱ्या नाडीसाठी आधी कोणती तपासणी मागावी?

माझ्या ६१ वर्षांच्या आईची नाडी बसल्या जागी अचानक मिनिटाला १५०च्या वर जाते आणि पंधरा-वीस मिनिटांनी तितक्याच अचानक पूर्ववत होते. ठोके नियमित असतात की अनियमित, हे मनगटावर बोटे ठेवून नीट कळत नाही. छातीत दुखणे किंवा शुद्ध हरपणे असे झालेले नाही. झाल्यास थेट रुग्णालय गाठायचे ठरले आहे.

ईसीजी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि २४ तासांचा होल्टर (अंगावर लावून ठोके सतत नोंदवणारे यंत्र) सामान्य आले. परंतु त्या काळात त्रास झालाच नव्हता, त्यामुळे त्या निकालाने माझे समाधान झालेले नाही. हिमोग्लोबिन व पोटॅशियम ठीक आहेत, मधुमेह नाही, रक्तदाब गोळीने आटोक्यात आहे. चहा जवळपास बंद करूनही फरक पडला नाही.

मला खरी शंका थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉईडच्या गोळीची आहे. ती रोज १०० मायक्रोग्रॅमची गोळी घेते आणि मागच्या तपासणीत टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) ०.१, म्हणजे फार कमी होते. गोळीची मात्रा जास्त झाली की ते असे उतरते, आणि मात्रा अशी जास्त झाल्यास उतारवयात एट्रियल फिब्रिलेशनचा (हृदयाचे ठोके अनियमित व जलद होण्याचा) धोका वाढतो. दम्यासाठीच्या साल्ब्युटामॉलच्या पंपानेही नाडी वाढते. शिवाय ती फार घोरते, पण झोपेत श्वास थांबण्याच्या विकाराची, म्हणजे स्लीप अ‍ॅप्नियाची तपासणी झालेली नाही.

गोळी किंवा पंप आम्ही परस्पर बंद करणार नाही. तालुक्याच्या गावाहून शहरात वारंवार जाणे तिला झेपत नाही, म्हणून विचारतो : पुढच्या भेटीत हृदयरोगतज्ज्ञांकडे आधी ठोके सात किंवा चौदा दिवस नोंदवणाऱ्या मॉनिटरचा आग्रह धरावा, की थायरॉक्सिनची मात्रा बदलून सहा आठवड्यांनी पुन्हा टीएसएच पाहण्याविषयी विचारावे?